पंचगंगेच्या पुरावर बोलायला व्हिएन्नाला जायचं का? (परिषदा, विमानं आणि आपण)

मृगनक्षत्र (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. धागा लांब आहे, चहा घेऊन बसा.

मी कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयात भूगोल शिकवते. आमच्याकडची एक मुलगी पंचगंगेच्या पूरक्षेत्रावर पीएचडी करते आहे. २०१९ आणि २०२१ चे पूर तिच्या कामाचा गाभा. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका, आणि दोन्ही वर्षी पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं, हे इथं कुणाला सांगायला नको. तिचा सारांश युरोपियन जिओसायन्सेस युनियनच्या व्हिएन्नातल्या वार्षिक सभेसाठी स्वीकारला गेला. पेढे आले. पेढे संपायच्या आत विभागात वाद पेटला.

एक सर म्हणाले, हवामान बदलाबद्दल सांगायला एवढं रॉकेल जाळत जायचं, हा कुठला शहाणपणा? सभेला ऑनलाइन सोय आहे, इथूनच बोल म्हणावं. दुसऱ्या मॅडम म्हणाल्या, आपण सगळे फिरून आलो तेव्हा कुणाला रॉकेल आठवलं नाही, आता एका शेतकऱ्याच्या पोरीची पाळी आली की पर्यावरण आठवतं. माझं मन दुसऱ्या बाजूचं. पण पहिल्या बाजूचं गणित खोटं नाही, म्हणून धागा काढला. जाणकारांनी आकडे द्यावेत. शिवीगाळ नको.

शेपटावरचा_पंखा

आकडे मी देतो, विमान हा आपला प्रांत.

विमानाचं इंधन म्हणजे एका अर्थी शुद्ध केलेलं रॉकेलच, त्यामुळे तुमचे सर चुकले नाहीत. एक किलो जळलं की ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. 'एक किलोतून तीन किलो कसे' असं कुणीतरी विचारणारच, म्हणून आधीच सांगतो: ऑक्सिजन हवेतला असतो, त्याचं वजन मिळतं.

लांबच्या पल्ल्याच्या नव्या विमानाला दर माणशी शंभर किलोमीटरला ढोबळ तीन लिटर धरा. मुंबई-व्हिएन्ना जाऊन-येऊन सुमारे १२,००० किलोमीटर. म्हणजे ३६० लिटर, वजनात २९० किलोच्या आसपास. गुणिले ३.१६, की झाले ९०० किलो. आखातात विमान बदललं तर वळसा पडतो, शिवाय कोल्हापूर-मुंबई. एक टन धरून चाला. भारतात दर माणशी वर्षाचं उत्सर्जन साधारण दोन टन आहे. म्हणजे एका सभेपायी सरासरी माणसाचे सहा महिने.

हे झालं फक्त इकॉनॉमीचं. बिझनेस क्लासची खुर्ची जागा जास्त खाते, तिच्या वाट्याला जवळपास तिप्पट येतं.

आता लोक ज्याकडे बघत नाहीत ते. आठ-दहा किलोमीटर उंचीवर, कडाक्याच्या थंड आणि दमट हवेत, इंजिनातली वाफ काजळीच्या कणांवर गोठून मागे बर्फाचा पांढरा पट्टा उमटतो. काही पट्टे लगेच विरतात, काही पसरून पातळ ढग होतात. जमिनीतून वर जाणारी उष्णता हे ढग अडवतात. दिवसा थोडं ऊनही परतवतात, रात्री मात्र नुसती गोधडी. जगाच्या कार्बन डायऑक्साइडमध्ये विमानांचा वाटा अडीच टक्क्यांच्या आसपास, पण हे पट्टे आणि नायट्रोजनची ऑक्साइडं धरली की माणसानं केलेल्या तापमानवाढीतला वाटा साडेतीन टक्क्यांवर जातो. पट्ट्यांच्या आकड्यात शास्त्रज्ञ अजून बरीच घासाघीस करतात. कार्बनचा आकडा पक्का.

जाता जाता: आपल्या उजळाईवाडीवरून उडणारं एटीआर पंख्याचं विमान, ते पाच-सहा किलोमीटरवरून जातं. तिथं सहसा पट्टा उमटत नाही, आणि तेवढ्याच अंतराला जेटपेक्षा इंधनही बरंच कमी. त्यामुळे 'आधी कोल्हापूरची विमानं बंद करा' म्हणणाऱ्यांनी थांबावं. १९३९ साली छत्रपती राजाराम महाराजांनी दिलेला विमानतळ आहे तो. हिशेब बिघडतो मुंबईच्या पुढे.

शिरोलीचा_भट्टीवाला

पंखा भाऊ, झकास समजावलंत. पण मला एक कळंना, एवढा काथ्याकूट एका टनासाठी?

आमचं गणित ऐका. इंडक्शन भट्टीत एक टन लोखंड वितळवायला सहाशेच्या आसपास युनिट लागतात. आपल्या देशातल्या एका युनिट विजेमागं सातशे ग्रॅम कार्बन. म्हणजे टनाला ४२० किलो. पोरीचं व्हिएन्नाचं तिकीट म्हणजे अडीच टन कास्टिंगबी न्हाई. तेवढं तर आमची एक भट्टी चहाच्या सुट्टीआधी ओतती. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले, सगळ्या भट्ट्या धरा. जाऊ द्या की पोरीला.

मृगनक्षत्र

दादा, तुमच्या कास्टिंगचा पंप होतो, ट्रॅक्टर होतो, आणि तो वीस वर्षं चालतो. माझ्या दहा मिनिटांच्या भाषणाचं काय होतं ते तुम्हीच सांगा.

शिरोलीचा_भट्टीवाला

ह्याला म्हणत्यात मास्तरणीचं उत्तर. मानलं!

तरी सांगतो. आमच्या धंद्यात जर्मनीत ड्युसेलडॉर्फला 'गीफा' हे ओतकामाचं प्रदर्शन भरतं, चार वर्षांतनं एकदा. मागचं जून २०२३ ला झालं, पुढचं २०२७ ला. आपल्या भागातनंबी माणसं जातात. तिथं यंत्र चालू असतं. वाळूच्या मिक्सरात हात घालून बघता येतं, आवाजावरनं कळतं बेअरिंग कसंय. ते काय स्क्रीनवर व्हायचं न्हाई. पण त्याच लोकांचं सेमिनार असतंय, एक जण चाळीस स्लाइडा वाचून दाखवतो. तेवढ्यासाठी कोण जाईल तर त्याला मी येडा म्हणीन. तर सभा कसलीय त्यावर ठरवा, सगळ्याला एकच फुटपट्टी नको.

रांगडा_गडी

धागा वाचून डोकं फिरलं. दीडशे वर्षं धूर काढला कुणी? युरोप-अमेरिकेनं. आता आमची पोरं पहिल्यांदा विमानात बसायला लागली तर लगेच पाप? तिकडचे प्रोफेसर महिन्याला एक खंड बदलतात. त्यांना सांगा आधी.

शेपटावरचा_पंखा

गडी, राग बरोबर आहे, आणि आकडा तुमच्याच बाजूचा आहे. २०१८ सालच्या हिशेबात असं निघालं की त्या वर्षी जगातली फार तर ११ टक्के माणसं विमानात बसली. आणि प्रवासी विमानांचं निम्मं उत्सर्जन अवघ्या एक टक्का लोकांच्या फिरण्यातून आलं. 'विमान प्रवास कमी करा' हा निरोप ज्याला द्यायचा तो माणूस मोजकाच आहे, आणि तो पहिल्यांदा पासपोर्ट काढणाऱ्या पोरीत नाही.

कॉफीब्रेक_पीएचडी

मी त्या मुलीसारखीच, फक्त रसायनशास्त्रातली. ऑनलाइन परिषदेचा अनुभव सांगते. माझं भाषण झालं, सूत्रसंचालक 'एनी क्वेश्चन्स' म्हणाले, शांतता, पुढचा वक्ता. कॅमेरे बंद. घरात कुकरची शिट्टी. प्रत्यक्ष परिषदेत पोस्टरसमोर उभी राहिले तेव्हा एका बाईंनी माझ्या आलेखावर बोट ठेवून विचारलं, 'हा उंचवटा का?' त्या प्रश्नावर माझं पुढचं प्रकरण उभं राहिलं. लहान गावातल्या माणसाला ओळख हेच भांडवल. मोठ्या प्रोफेसरांना सगळे आधीच ओळखतात. त्यांनी घरी बसावं!

उलट बाजूही आहे, ती कुणी लिहिली नाही. व्हिसा. बोटांचे ठसे द्यायला आधी पुण्या-मुंबईला जा, बँकेची कागदपत्रं जमवा, आणि नकार आला की फी गेली. ऑनलाइन सभेला व्हिसा लागत नाही. ज्यांच्या मागे ना पैसा ना शिफारस, त्यांच्यासाठी ती सोय टिकायलाच हवी. करोना संपल्यावर बऱ्याच सभांनी ती गुंडाळून टाकली, त्याचा मला जास्त राग आहे.

स्टेथोस्कोप

डॉक्टरांबद्दल कुणीच काही बोललं नाही म्हणजे आश्चर्यच, एरवी सुरुवात आमच्यापासून होते.

महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणी नूतनीकरणाला पाच वर्षांत ३० क्रेडिट तास (परिषदा-व्याख्यानांच्या हजेरीचे) लागतात. हे तास सांगली-कोल्हापुरात बसून सहज पुरे होतात. तरीही परिषद म्हटलं की गोवा, जयपूर, नाहीतर बँकॉक. सकाळच्या सत्राला सभागृहात पहिल्या दोन रांगा, बाकीचे पोहायला. पूर्वी तिकीट कुठून यायचं ते सगळ्यांना माहीत आहे. मार्च २०२४ मध्ये केंद्रानं औषध कंपन्यांसाठी नवी आचारसंहिता आणली. तीत डॉक्टरांना आणि त्यांच्या घरच्यांना प्रवास-मुक्काम देण्यावर बंदी आहे, वक्ता असेल तर सूट. कंपन्यांना परदेशात असे कार्यक्रम घ्यायलाही मनाई. उद्देश लाचखोरी रोखणं, पर्यावरणाचा 'प' नाही. पण मला विचाराल तर आमच्या व्यवसायातली जी काही विमानं कमी होतील ती ह्या कागदामुळे. वसुंधरा दिनाच्या भाषणांनी एकही झालेलं नाही.

हरिप्रियाचा_प्रवासी

रेल्वेबद्दल कुणी बोलणार की नाही? व्हिएन्नाला रेल्वे जात नाही, मान्य. पण आपल्या लोकांच्या बहुतेक परिषदा पुणे, मुंबई, हैदराबाद, बंगळूर, दिल्लीलाच असतात. पुण्याला विमानाचा प्रश्नच नाही. मुंबईला महालक्ष्मी रात्री बसा, सकाळी उतरा, हॉटेलचा खर्चही वाचला. मार्ग विजेवर आलाय, डिझेलचा धूरही गेला. तरी आमच्या ऑफिसातले साहेब मुंबईला विमानानंच जाणार, कारण 'एंटायटलमेंट' आहे. न वापरली तर पद कमी होतं म्हणे!

खरी रड पुढची आहे. आपलं स्टेशन १८९१ पासून टोकाचं स्टेशन. गाडी येते, थांबते, परत फिरते. वैभववाडीचा मार्ग किती वर्षं नुसता ऐकतोय. तो झाला असता तर कोकण रेल्वेनं थेट मंगळूर-केरळ. दिल्लीला थेट निजामुद्दीन, तीही आठवड्यातून एकदा. सभा मंगळवारी आणि गाडी भलत्याच वारी, मग माणूस विमान बघणार नाही तर काय करणार? वंदे भारत आली पुण्याला, २०२४ मध्ये, तीही रोज नाही.

मृगनक्षत्र

डॉक्टरांनी दुखरी नस पकडली, आता मी आमची सांगते.

यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत शिक्षकांच्या गुणांचा तक्ता आहे. परिषदेत निबंध वाचला किंवा निमंत्रित व्याख्यान दिलं, तर आंतरराष्ट्रीय आणि परदेशात असेल तर ७ गुण. आंतरराष्ट्रीय पण भारतात असेल तर ५. राष्ट्रीय ३. राज्य किंवा विद्यापीठ पातळीवर २. निबंध तोच, आलेख तेच, बोलणारी मीच. विमानात बसले की दोन गुण जास्त. ह्या दोन गुणांचं उत्सर्जन कुणी मोजलंय का?

म्हणून मला 'तू जाऊ नकोस, तुझी लाज वाटायला हवी' ह्या सुराचा कंटाळा येतो. लाज वाटून एक माणूस घरी बसेल, त्याच्या जागी दुसरा जाईल, कारण तक्ता तिथंच आहे. पूररेषेवरचं काम करताना मी रोज हेच बघते. नदीकाठच्या घराला 'तू इथं का बांधलंस' विचारणं सोपं. परवानगी कुणी दिली ते विचारलं की सगळ्यांची तोंडं दुसरीकडे.

राइनकाठचा_करवीरकर

जर्मनीतून लिहितोय, मूळचा शुक्रवार पेठेतला. इथं हा वाद जुना आहे. केविन अँडरसन नावाचे ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञ कित्येक वर्षं विमानात बसलेले नाहीत, एका परिषदेसाठी ते इंग्लंडहून शांघायपर्यंत रेल्वेनं गेले होते. जियानलुका ग्रिमाल्डा हे संशोधक २०२३ मध्ये पापुआ न्यू गिनीतल्या बोगनव्हिल बेटावर काम करत होते. इथल्या कील शहरातल्या त्यांच्या संस्थेनं ताबडतोब परत या म्हटलं, त्यांनी विमानानं यायला नकार दिला आणि नोकरी गेली. मला ह्या लोकांबद्दल आदर आहे, पण त्यांच्यावरून नियम बनत नाहीत.

मला पटलेलं काम आकड्यांचं आहे. अमेरिकन जिओफिजिकल युनियनची २०१९ ची सॅन फ्रान्सिस्कोची सभा, सुमारे २८,००० माणसं. प्रवासाचं उत्सर्जन सुमारे ८०,००० टन. माणशी जवळपास तीन टन! मग अभ्यासकांनी 'असं केलं असतं तर' मांडलं. हीच सभा शिकागोला, देशाच्या मध्याजवळ घेतली असती तर १२ टक्के बचत. आणि सर्वांत लांबून येणाऱ्या ३६ टक्के लोकांना ऑनलाइन बसवलं असतं तर ७६ टक्के. हा आकडा २०२० मध्ये 'नेचर'मध्ये आला.

कॉफीब्रेक_पीएचडी

थांबा थांबा. सर्वांत लांबून येणारे म्हणजे कोण? आपणच की! सभा कायम सॅन फ्रान्सिस्कोला आणि व्हिएन्नाला, म्हणजे 'लांबचे' कायम आम्ही. बचत त्यांची, स्क्रीन आमच्या नशिबी.

राइनकाठचा_करवीरकर

बिनतोड. म्हणूनच दुसरा मार्ग आहे: सभा एका गावात न भरवता चार खंडांत एकाच वेळी. संगीत आणि मेंदूविज्ञानाच्या लोकांनी २०१८ मध्ये केलं होतं. ग्राझ, माँट्रियल, ला प्लाता आणि सिडनी, चारही ठिकाणी माणसं प्रत्यक्ष जमली आणि केंद्रं एकमेकांना जोडलेली. चहाच्या वेळची ओळख पण राहते आणि महासागरही ओलांडावा लागत नाही.

हिरवीगार_करवीरनगरी

एवढी चर्चा कशाला, प्रत्येक तिकिटामागे दहा झाडं लावा, विषय संपला.

मृगनक्षत्र

मागच्या पावसाळ्यात फोटो काढून लावलेल्या रोपांचे खुंट दाखवायला नेते तुम्हाला, याल का? जगलं तर झाड तो कार्बन ओढायला कित्येक वर्षं घेतं. विमान तो काही तासांत सोडतं.

मळीवाला_केमिस्ट

मी साखर कारखान्यात डिस्टिलरी बघतो. उसावर चालणारं विमान हा आमच्या कट्ट्यावरचा लाडका विषय, तर थोडं लिहितो.

इथेनॉलमधून पाणी काढून इथिलीन, त्याचे रेणू जोडून लांब साखळ्या, मग हायड्रोजन, की विमानाचं इंधन तयार. मे २०२३ मध्ये पुणे-दिल्ली प्रवासी विमान असं देशी मिश्रण घालून उडालं, पुण्याच्या प्राज आणि इंडियन ऑइलचं काम. आता सरकारचं लक्ष्य आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी २०२७ ला १ टक्का, २०२८ ला २, २०३० ला ५. ऐकायला भारी वाटतं. पण १०० लिटरमध्ये एक लिटर! उरलेले ९९ जुनेच. इथेनॉल पेट्रोललाही हवंय, सगळ्यांना एकाच उसाच्या कांड्यातून रस पाहिजे. त्या उसाला पाणी किती लागतं ते भूगोलाच्या मॅडम सांगतील. माझ्या पोटापाण्याचा धंदा आहे तरी सांगतो, उसाच्या भरवशावर परिषदेची तिकिटं काढू नका.

रांगडा_गडी

आता खरा कोल्हापुरी बोलला! पण मॅडम, शेवटी पोरगी जाणार का न्हाई ते सांगा.

मृगनक्षत्र

जाणार. तिकीट काढलं. पण विभागातून ती एकटीच. खरं तर मी आणि आणखी दोघं तिच्यासोबत जायच्या बेतात होतो, 'मार्गदर्शक' म्हणून. ते रद्द केलं. तिथं तिला प्रश्न विचारतील तेव्हा मी शेजारी उभी असले तर लोक माझ्याकडे बघून विचारतील, हा तोटा वेगळाच. शिवाय परत येताना दोन आठवडे थांबून ती तिथल्या एका पूरविषयक प्रयोगशाळेत काम शिकून येणार आहे. एवढा टन खर्चायचा तर तीन दिवसांत परत का यायचं?

बाकीच्यांसाठी वेगळा बेत. एप्रिलमध्ये व्हिएन्ना आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं. तिकडची सकाळची साडेआठची सत्रं आपल्याकडे दुपारी बाराला, संध्याकाळी सहाला संपलं तर आपले साडेनऊ. अमेरिकेच्या सभेसारखं रात्र जागायला नको. तेव्हा पूर आणि पर्जन्याची निवडक सत्रं आमच्या सभागृहात मोठ्या पडद्यावर लावायची, मध्ये आपली चर्चा, आणि आपल्याकडून ऑनलाइन भाषण असणाऱ्यांनी घरातून नव्हे, इथून भरल्या सभागृहासमोर बोलायचं. सांगली, साताऱ्याच्या महाविद्यालयांना विचारलंय, एसटीनं येण्याजोगं अंतर. कॉफीब्रेक, तू विषयाबाहेरची असलीस तरी ये, प्रश्न विचारायला माणसं हवीत.

कॉफीब्रेक_पीएचडी

येते. कॅमेरे चालू ठेवायचा नियम मात्र करा.

शिरोलीचा_भट्टीवाला

आम्हाला प्रवेश आहे का? २०१९ ला आमच्या वर्कशॉपात पाणी आलं होतं, पूररेषा कुठं धरायची त्यावर मलाबी दोन प्रश्न हायत. जनरेटर लागला तर सांगा, एप्रिलात लाइट जातीच.

मृगनक्षत्र

दादा, तुम्ही तर पहिल्या रांगेत. जनरेटरचं पक्कं समजते.

स्टेथोस्कोप

आणि ते गुण? सभागृहात बसून व्हिएन्नाला बोललेल्या माणसाला सात, पाच की दोन?

मृगनक्षत्र

तेच लेखी विचारलंय, प्राचार्यांमार्फत विद्यापीठाला. सभा आंतरराष्ट्रीय आहे, परदेशात आहे, निबंध सादर झाला आहे, फक्त माणूस कोल्हापुरात आहे, तर रकाना कुठला? पत्र गेलंय, उत्तर आलं की जसंच्या तसं इथं टाकते.

हरिप्रियाचा_प्रवासी

पत्र कशानं पाठवलंत? पोस्टानं असेल तर पुढच्या सभेपर्यंत धागा उघडा ठेवा.